पिवळ्या सुया आणि लाल चिंधी

सकाळी लवकर नर्सरीचा फोन वाजला की मी हातातलं काम तिथंच टाकते. कुंड्या पाहिजेत, लाल माती पाहिजे, लॉन लावायचंय, असले फोन दुपारनंतर येतात. सकाळी येतो तो आजारी झाडाचा. माणूस उठतो, चहाचा कप घेऊन गॅलरीत जातो आणि त्याला दिसतं की झाड पिवळं पडलंय. खरं तर ते महिनाभर पडत असतं, पण त्याला आज दिसलेलं असतं, त्यामुळं फोन आजच येतो.

"अहो, तुमच्याकडनं नेलेला क्रिसमस ट्री पिवळा पडलाय."

मी आधी मनात म्हणते, आपलंच काहीतरी चुकलं. मग विचारते, शेंड्याकडून पिवळा पडलाय की खोडाकडून? सगळीकडून की एकाच बाजूनं? पाणी किती घालता? या तीन प्रश्नांवर माझी वीस-बावीस वर्षं गेली. कोल्हापुरातल्या आमच्या नर्सरीत मला मजेनं 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं, तेव्हा मी आठ दिवस टाळलं. माझं शिक्षण सातवी. गावात शाळाच तेवढी होती. लिहिलंय मी, पण वेलांट्या माझ्या मुलीनं बघितल्यात.

माझं माहेर आणि सासर दोन्ही गोंदियाकडचं. तिथून कोल्हापूर म्हणजे रेल्वेत बसलं की पोरं रडून, झोपून, उठून परत रडली तरी येत नाही. नवऱ्याला इचलकरंजीत मागावर काम लागलं म्हणून आलो. माझी आई अजूनही फोनवर म्हणते, "कोण्या मुलखात जाऊन पडली वं माय." आमच्याकडं जंगलात मोठ्या पानांची झाडं. साग, मोह, तेंदू. उन्हाळ्यात आम्ही तेंदूची पानं तोडायचो आणि घरी बसून विड्यांसाठी पुडे बांधायचो. पुड्यात एक डागाळलेलं पान निघालं की माल बघणारा माणूस अख्खा पुडा बाजूला टाकायचा. त्यामुळं पानावरचा डाग माझ्या नजरेला लहानपणापासून टोचतो. पण सुईसारखी पानं असलेलं झाड मी इथं येईपर्यंत पाहिलेलं नव्हतं.

नर्सरीचे मालक आबा. ऊसवाले शेतकरी. हायवेच्या कडेचं थोडं रान मोकळं करून त्यांनी रोपं ठेवायला सुरुवात केली. मला पिशव्यांत माती भरायला ठेवलं आणि राहायला बोअरच्या पंपाशेजारची खोली दिली. तेव्हा माझी मुलगी वर्षाची होती. नवऱ्याची पाळी बदलती, घरभाडं वेगळं, या सगळ्यातून त्या एका खोलीनं आम्हाला बाहेर काढलं. ही गोष्ट मी इथं आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ती खोली सारखी माझ्या डोळ्यासमोर होती.

पहिल्याच वर्षी मी क्रिसमस ट्रीच्या ओळीत पाणी घालत होते. आतल्या बाजूच्या, खोडाजवळच्या सुया तपकिरी होऊन गळत होत्या. मला वाटलं, माझ्या पाण्यानं झाडं मेली. कुणाला सांगायची हिंमत नव्हती. मी रोज गळलेल्या सुया वेचून पदरात भरायचे आणि मागं खड्ड्यात टाकायचे. आठ दिवसांनी आबांनी बघितलं.

"काय गं, सरपण गोळा करतीस व्हय?"

मी रडायलाच लागले. आबांनी एक फांदी हातात धरली आणि म्हणाले, "शेंडा बघ. कसा हाय?"

"हिरवा."

"मग? म्हातारी पानं टाकतंय झाड. तू केस विंचरतीस तवा फणीत येत न्हाईत? तवा काय टक्कल पडतंय व्हय?"

तो माझा पहिला धडा. आतलं, खालचं, जुनं पिवळं पडलं तर झाडाला पडू द्यायचं. शेंडा पिवळा पडला तर मात्र चप्पल घालायची आणि निघायचं.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. बाहेरच्यांना सोपं करून सांगायचं तर असं आहे. ही सुयांची झाडं दुखणं उशिरा दाखवतात. तुळस पाणी कमी पडलं की दुपारी मान टाकते, संध्याकाळी पाणी दिलं की उठते. क्रिसमस ट्री मेल्यावरही महिनाभर हिरवा दिसतो. म्हणून त्याचा रंग बघून निदान करायचं नसतं, रंग कुठून सुरू झाला ते बघायचं असतं. पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात आणि पूर्ण झाड निस्तेज होतं. मातीत बोट खुपसलं की वासच सांगतो. बोअरचं पाणी खारट असेल तर सुयांची टोकं भाजतात. आणि सगळं झाड धूळ बसल्यासारखं फिकं दिसायला लागलं, तर पांढरा कागद खाली धरून फांदीवर टिचकी मारायची. कागदावर तांबडे ठिपके पडतात. क्षणभर थांबलं की ते ठिपके चालायला लागतात. तो लाल कोळी. डोळ्याला जेमतेम दिसणारा, पण झाडाचा रस पिऊन टाकणारा. माझ्या पिशवीत मुलीच्या वहीचा कोरा कागद कायम असतो.

निदान करताना झाडाकडं कमी आणि आजूबाजूला जास्त बघायचं, हे मला राजारामपुरीत कळलं. तिथल्या एका क्लासवाल्या सरांनी गच्चीवर सहा क्रिसमस ट्री ठेवले होते. सगळी एकाच बाजूनं करपलेली. सरांनी औषधाच्या बाटल्यांची रांग लावली होती. मी माती बघितली, मुळं बघितली, कागद धरला, काहीच नाही. सर घड्याळ बघत होते. तेवढ्यात खालचा क्लास सुरू झाला आणि माझ्या पाठीवर गरम वाफ आली. एसीचे बाहेरचे डबे. सहाही झाडांच्या तोंडावर.

"सर, झाडं त्या भिंतीला लावा," मी म्हटलं.

"आणि औषध?"

"औषध काही नको."

त्यांना ते पटलं नाही. बाईला काही येत नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी चार झाडं नेली, त्यावरून मी काय ते समजले.

आता मलकापूरचं. हे मी आजवर लिहून काय, नीट बोलूनही कुणाला सांगितलेलं नाही.

मलकापूरच्या पुढं रत्नागिरी रस्त्याला एका माणसानं रिसॉर्ट काढलं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मूळचे कोल्हापूरचे, पस्तिशीचे. फाटकापासून विहिरीपर्यंत रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना क्रिसमस ट्री, साठेक झाडं, सगळी आमच्याकडची. कमरेइतकी उंच. आबांनी एवढी मोठी ऑर्डर तोवर घेतली नव्हती. झाडांवर धोंडिराममामा म्हणून माळी होते. जवळच्याच वाडीतले, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. पहिल्यांदा मला बघून म्हणाले, "कुठलं गाव म्हणायचं पावणं?" मी गोंदिया म्हटलं. ते म्हणाले, "आमच्या शेजारची सून चिपळूणची हाय, त्येच्याबी पुढं?" मी म्हटलं, "मामा, ते दुसऱ्या बाजूला." "मग लांबच हाय की," म्हणून ते पाटाचं पाणी वळवायला गेले.

पाऊस संपल्यावर झाडं लावली. थंडी सरायला लागली तसा मामांचा फोन आला की झाडं धुरकट दिसायलीत. मी गेले, कागद धरला, कोळी. दोन दिवसांनी पंप आणि गंधकाची पावडर घेऊन आबांच्या टेम्पोतून परत गेले आणि फाटकापासून सुरुवात करून विहिरीपर्यंत सगळी झाडं स्वतः फवारली. पाठीवरच्या पंपानं पाच टाक्या झाल्या. येताना मी खूश होते. निदान बरोबर, औषध बरोबर, दादांनी चहा पाजलेला.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन वाजला. मामाच.

"कौशल्याबाय, शेंडं बघायला ये. मला काय बरं दिसंना."

शेंडे. मी चप्पल घातली. टेम्पो दुसरीकडं गेला होता, म्हणून एसटीनं गेले. दोन तास मी खिडकीबाहेर बघत होते आणि काहीच बघत नव्हते. वाटलं, कोळी मेला नसेल. वाटलं, गंधक जास्त पडलं असेल. मुलगी दहावीत होती. परीक्षा तोंडावर. काही झालं आणि आबांनी खोली सोडायला सांगितली तर तिला घेऊन कुठं जायचं, इथपर्यंत माझं डोकं जाऊन आलं. माझं डोकं नेहमी तिथपर्यंत जाऊन येतं.

फाटकातून आत गेले आणि पहिल्या झाडापाशीच थांबले. शेंडा वाकला होता. वाळून पडल्यासारखा नव्हे, काठीच्या मुठीसारखा वळलेला. नव्या सुया फिकट पिवळ्या, टोकाशी तपकिरी, एकमेकींत पिळलेल्या. खालचे फांद्यांचे जुने मजले हिरवेगार. मी सवयीनं कागद धरला. स्वच्छ. मातीत बोट घातलं. ठीक. नखानं खोड खरवडलं. आतून हिरवं. दुसरं झाड तसंच, तिसरं तसंच. मग मी खाली बसले. झाडाच्या बुंध्याशी गाजरगवत उगवलं होतं, ते नावालाच गवत, त्याचीही पानं दोरीसारखी वळली होती. बाजूची हरळी मात्र सरळ उभी.

रुंद पानाचं तण वळतं आणि गवताला काही होत नाही, असं एकच औषध मला माहीत होतं. आमच्या भागात उसात मारतात ते. टू-फोर-डी. ऊस गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही, बाकी सगळं पिळून मरतं.

दादा येऊन उभे राहिले होते. "काय झालंय?"

"तणनाशक," मी म्हटलं. निदान सापडलं की तोंडातून निघून जातं, सवय आहे ती. "कुणीतरी तणनाशक मारलंय इथं."

दादा वळले. धोंडिराममामा पाईप धरून उभे होते.

"मामा, शेडमध्ये तणनाशकाची बाटली आहे ना?"

"हाय की. विहिरीजवळच्या फरशीतलं तण मारायला. तुम्हीच आणलीया."

"मग?"

"मग काय? म्या झाडाकडं न्हेली न्हाई."

"बाई सांगतायत ना. त्या काय खोटं बोलतायत?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काहीतरी पुढं बोलेन म्हणून बघत होते. मी एवढंच म्हटलं, "फरशीला मारताना वाऱ्यानं आलं असेल." त्यानं काय झालं, तर दादांची खात्री झाली.

"उद्यापासून येऊ नका मामा," ते म्हणाले. "साठ झाडं आहेत. खेळ नाही."

मामांनी पाईप नळाला गुंडाळून ठेवला. हात धुतले. शेडमधून डबा घेतला आणि फाटकातून निघून गेले.

मी उरलेली झाडं बघत विहिरीकडं गेले. तिथं मला कळलं. फाटकाजवळची झाडं सगळ्यात वाईट होती. मधली थोडी बरी. विहिरीजवळच्या शेवटच्या आठ-दहा झाडांना काहीच नव्हतं. फरशी तर विहिरीजवळ होती. वाऱ्यानं आलं असतं तर तिथली झाडं आधी वाकली असती. आणि फाटकापासून विहिरीपर्यंत कोण चाललं होतं? मी. पहिली टाकी फाटकाजवळ, पाचवी विहिरीजवळ. आजार माझ्या पावलांनी चालत गेला होता, आणि टाकीगणिक कमी होत.

मग ते सगळं एकदम आठवलं. आमच्या नर्सरीत दोन पंप. एकाच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली, तो तणनाशकाचा. दुसरा बाकी सगळ्याला. ही चिंधी मीच बांधली होती आणि त्याचा मला अभिमान होता. आमच्या भागात उसाच्या दिवसांत पंप भावकीत फिरतो. कुणी मागितला तर नाही म्हणायची पद्धत नाही. मी फवारायला जायच्या आदल्या आठवड्यात आबांचे धाकटे भाऊ शामराव येऊन गेले होते. चिंधीच्या पंपाचा नोझल तुटलेला, म्हणून त्यांनी दुसरा नेला. परत आणून ठेवताना मला सांगितलंसुद्धा, "वैनी, पंप नेलता उसाला. धुऊन ठेवलाय." मी "बरं" म्हटलं. काय मारलं, ते विचारलं नाही. टू-फोर-डी नुसत्या पाण्यानं जात नाही, धुण्याचा सोडा घालून पंप भरून ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. मी एकदा विसळला आणि टेम्पोत टाकला.

आणि वास आला होता. रिसॉर्टच्या फाटकाशी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा फिनेलसारखा उग्र वास आला होता. मी मनाशी म्हटलं, संडास धुतले असतील.

विहिरीजवळ मी किती वेळ उभी होते माहीत नाही. दादा ऑफिसात होते. तीस पावलं चालून जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मी रस्त्यावर आले. कोल्हापूरची गाडी आली आणि मी चढले. त्या गाडीत मी का चढले, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. खोली, मुलीची परीक्षा, आबांचं नाव, ही सगळी कारणं खरी आहेत. पण गाडी आली तेव्हा मी यातलं काही ठरवलेलं नव्हतं. पाय चढले.

नर्सरीत आल्यावर मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू. त्यात थोडी आशा होती, खोटं कशाला बोलू. टोमॅटोचं रोप या औषधाला फार हळवं असतं. खुंटीवरचा तो पंप काढला, त्यात स्वच्छ पाणी भरलं, हलवून दुपारभर तसंच ठेवलं. संध्याकाळी टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे वेगळे काढले. एकावर नळाचं पाणी, एकावर पंपातलं. दोन्ही ट्रे खोलीच्या मागं ठेवले, कुणाला दिसणार नाहीत असे. पुन्हा पदरात सुया वेचण्यासारखंच ते.

दुसऱ्या दिवशी दर तासाला मी मागं जात होते. गिऱ्हाईकाला गुलाब म्हणून जास्वंद दिलं. आबांनी विचारलं, "मलकापूरचं काय झालं?" मी म्हटलं, "बघतेय." संध्याकाळी पंपाच्या ट्रेमधली पानं जराशी खाली झुकल्यासारखी वाटली. मी स्वतःला म्हटलं, उन्हानं. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटायचं काही राहिलं नव्हतं. एका ट्रेमधली रोपं ताठ. दुसऱ्यातली सगळी पिळलेली, देठं वळून पानं उलटी झालेली.

आबा पिशव्या मोजत होते. मी तो ट्रे त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. शामरावांपासून एसटीपर्यंत. मामांना काढलं, तेही.

आबांनी एक रोप उपटलं, फिरवून बघितलं.

"शामरावानं सांगून ठिवलाता न्हवं?"

"हो."

"आन तू धुतलास किती?"

"एकदा. नुसत्या पाण्यानं."

त्यांनी रोप परत ट्रेमध्ये ठेवलं. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मग म्हणाले, "गप बसलो, तर कुणाला कळंल?"

ते विचारतायत की सांगतायत, हे मला समजेना. मी म्हटलं, "कुणालाच नाही कळणार. मामांना पण नाही."

"मग?"

"मला कळलंय आबा."

"तेच की," आबा म्हणाले आणि उठले. "दोन्ही ट्रे घे संगट. त्यो मानूस तुझं ऐकायचा न्हाई. रोपांचं ऐकंल."

टेम्पोत मी ट्रे मांडीवर घेऊन बसले होते.

दादांनी रोपांचं ऐकलं. पण मलाही ऐकवलं. "परवा इथंच उभ्या होतात ना? तेव्हा तोंड शिवलं होतं? डॉक्टरीण म्हणून हिंडता आणि स्वतःच्या हाताची घाण ओळखत नाही?" मी खाली बघून ऐकलं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. सगळी झाडं बदलून द्या, म्हणाले. आबा शांतपणे म्हणाले, "जेवढी मरतील तेवढी देतो. बाकीच्यास्नी एक पावसाळा द्या. शेंडा जिता हाय, झाड वर येतंय. ही दर महिन्याला येऊन बघंल." मला विचारलं नव्हतं त्यांनी. पण 'ही येऊन बघंल' म्हणाले, म्हणजे महिनाभर तरी मी आहे, एवढंच माझ्या कानात राहिलं.

मग आम्ही वाडीत गेलो. मामा परड्यात कुंपणाच्या काट्या बांधत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी गाठ पुरी मारली.

"म्हंजे म्या न्हाई मारलं."

"नाही मामा. मी मारलं."

"म्या न्हाई मारलं ह्ये मला म्हाईतच हुतं की," ते म्हणाले. "तुला कळायला तीन दिस लागलं."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," मी म्हटलं. हे बोलायची गरज नव्हती. पण अर्धं सांगून अर्धं मागं ठेवायचं, ते जमेना.

मामांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "अगं, च्या टाक. तीन कप." आणि आबांना म्हणाले, "मालकानं सोताच्या तोंडानं बोलवायला पायजे. बाई बोलावती म्हणून म्या यायचा न्हाई." दादांनी फोन केला. मामांनी दोनदा वाजू दिला आणि तिसऱ्यांदा उचलला.

परत येताना मी खोलीचा विषय काढायला तोंड उघडलं. आबा गाडी चालवता चालवता म्हणाले, "घरी गेल्यावर दोन्ही पंपास्नी लाल चिंधी बांध. आन नवा तिसरा आण. त्यो भावकीत कुणाला दिसला न्हाई पायजे." खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही तोंड मिटलं. आम्ही अजून तिथंच राहतो.

चार झाडं गेली. त्यांचा शेंडा मेला, आणि या झाडाचा शेंडा मेला की ते वर जात नाही, बुटकं होऊन पसरतं. आबांनी ती बदलून दिली. बाकीची पावसाळ्यात उठली. मी दर महिन्याला गेले. क्रिसमस ट्री वर वाढतो तसा नवा मजला घालतो, पण खोडात पडलेला वाक सरळ होत नाही. झाड उंच गेलं म्हणून वाकही वर जातो असं नाही. तो तिथंच राहतो, कमरेएवढ्या उंचीवर. आज ती झाडं माझ्या दुप्पट उंच आहेत. फाटकातून आत जाताना माझा हात आपोआप त्या वाकावर जातो. रिसॉर्टला आलेले पाहुणे विचारतात, ही सगळी झाडं एकाच जागी वाकडी कशी? मामा सांगतात, "कोल्लापूरच्या डॉक्टरणीची सही हाय ती." मी तिथं उभी असले तरी सांगतात. जास्तच मोठ्यानं सांगतात.

आता मी कोणताही पंप उचलायच्या आधी झाकण काढून वास घेते. नव्या बायका हसतात. आणि कुणी झाड दाखवलं की निदान लगेच बोलत नाही. आधी त्या झाडाजवळ शेवटचं कोण गेलं होतं ते विचारते, आणि त्यात स्वतःलाही धरते. मामांचे ते तीन दिवस मात्र माझ्याकडून भरून निघालेले नाहीत. त्यांनी कधी मागितले नाहीत, हे आणखी अवघड.

हे लिहीत होते त्या आठवड्यात सकाळी साडेसातला फोन वाजला. मामा.

"कौशल्याबाय, झाडं पिवळी पडायलीत."

माझ्या हातातला कप खाली ठेवायचाही राहिला. "कुठून? शेंडा कसाय मामा?"

"शेंडा हाय हिरवा."

"मग कुठनं पिवळी?"

"सगळ्यात खालचा मजला. आतनं, खोडाकडनं."

मी कप खाली ठेवला. "मामा, ती जुनी पानं आहेत. पडू द्या ती."

"मला म्हाईत हाय की," मामा म्हणाले. "तुझं काळीज जाग्यावर हाय का बघत हुतो."